वर्षभर खतात राहिलेली पाटी

मंडळी, माझी एक घोडचूक आज दुपारी बादलीत बसून दारात परत आली.

कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये मी घरीच थ्रीडी प्रिंटर चालवतो. त्याच्या प्लास्टिकच्या रिळावर लिहिलेलं असतं, 'मक्यापासून बनवलेलं, कुजणारं'. मी विश्वास ठेवला आणि वर्षापूर्वी फसलेले सगळे प्रिंट सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकले. वर ग्रुपवर पर्यावरणाचं भाषणही ठोकलं!

आज बेल वाजली. खड्ड्यातलं खत चाळणाऱ्या, बोनकोडे गावच्या कांतामावशी माझ्या प्रिंटनी भरलेली बादली घेऊन दारात उभ्या होत्या.

"भाऊ, असले उद्योग तुमचेच ना? वरीस झाला, सालींची माती झाली, पन हे कायच कुजला नाय."

मी ओशाळलो. नंतर शोधलं, तर हे प्लास्टिक कुजायला मोठ्या खत प्रकल्पातली सततची उष्णता लागते. आपल्या खड्ड्यात ती कुठून येणार?

बादलीच्या तळाशी एक वाकडी पाटी होती, 'सईची खोली'. लेक परदेशी जायच्या आठवड्यात केलेली, फसली म्हणून फेकलेली. दुसरी करायची राहूनच गेली.

"पोरगी कवा येनार?" मावशींनी विचारलं.

"बघू," म्हटलं. चहाला थांबा म्हणालो, पण त्यांचं चाळायचं काम पडलं होतं.

पाटी घासून तिच्या दारावर लावली. त्या खोलीत आता प्रिंटर असतो.

तुम्ही फसलेल्या प्रिंटचं काय करता? कमेंट नको, फोनच करा. मी घरीच असतो.