गनीभाई मिस्त्रींचं नख

नगरच्या माळीवाडा वेशीबाहेर, लिंबाखाली गनीभाई मिस्त्रींचं गॅरेज होतं. गॅरेज आपलं म्हणायचं. चार पत्रे, एक जुनाट लेथ आणि गाडीखाली उतरायला खणलेला खड्डा. पण कर्जतपासून श्रीरामपूरपर्यंत असा एक लॉरीवाला नव्हता, ज्यानं त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून गनीभाईंची बोलणी खाल्ली नव्हती. "गाडी चालवता का नांगर?" इथून सुरुवात व्हायची.

झिजलेला भाग ओळखायला बाकीचे मिस्त्री मापं लावत. गनीभाईंकडे उजव्या अंगठ्याचं नख होतं, मुद्दाम वाढवलेलं. चाकातून काढलेली पिन पुसायची, डोळे मिटायचे आणि नख वरून खाली ओढायचं. कुठं अडखळलं की पिन भंगारात, मग मालक पाया पडो नाहीतर चहा पाजो. आपण बनवलेल्या भागावर ते कानशीनं तीन खाचा पाडत आणि दुरुस्त झालेल्या गाडीच्या पुढच्या मडगार्डवर बसून, चाकाकडे कान लावून, अरणगावच्या रेल्वे फाटकापर्यंत जात. आवाज नसला की तिथं उतरायचं आणि चालत परत यायचं. हा नेम त्यांनी अंगात ताप असतानासुद्धा मोडला नव्हता.

सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, बानूचं लग्न निघालं. नवरा मुलगा फक्रुद्दीन, काष्टीच्या सत्तारशेठचा. सत्तारशेठ गुळाचे व्यापारी. वर्षापूर्वी त्यांनी एक जुनी लॉरी घेऊन तिला हिरवागार रंग दिला होता आणि तेव्हापासून ते तिच्याबद्दल सोडून दुसरं काही बोलत नसत.

लग्नाच्या दिवशी सकाळीच मेहताबनं, गनीभाईंच्या बायकोनं, नवऱ्याला समोर बसवलं.

"आज एका बी गाडीला हात लावायचा न्हाई. आन् ते नख आधी कापा. व्याही हात मिळवतील तवा टोचंल."

गनीभाईंनी दात उपटून द्यावा तसा चेहरा केला, पण नख कापलं.

निकाह झाला, जेवणं झाली, आणि बानूची पाठवणी आली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. फुलांच्या माळा घातलेली हिरवी लॉरी दारात वळली आणि वळताना तिच्या पुढच्या चाकातून 'कट' असा बारीक आवाज आला.

एवढ्या गलक्यात तो दोघांनीच ऐकला. एक गनीभाई, आणि दुसरी सेहऱ्याआड रडणारी बानू. ती लहानपणापासून त्या खड्ड्याच्या काठावर बसून बापाला पाने देत आलेली. तिचं रडणं मध्येच थांबलं.

मेहताबनं लांबूनच डोळे वटारले. गनीभाईंनी दहापर्यंत आकडे मोजले आणि शेरवानीसकट चाकापुढे बसकण मारली. चाक खालीवर धरून हलवलं.

"जॅक आना. चाक जिच्यावर वळतंय ती किंगपिन काढायची."

"गनीभाई, आमी वऱ्हाड घिऊन आलोय, गाडी दुरुस्तीला न्हाई!" सत्तारशेठ म्हणाले. "ह्याच गाडीतनं चाळीस मानसं आली."

"आली ती तुमची. जानारी माझी हाय. वाटंत चिखलीचा घाट हाय शेठ. पिन तुटली तर चाक एकीकडं आन् माझी पोर दुसरीकडं."

"पोरगी देताय का भर मांडवात माझी इज्जत काढताय? आत्ताच्या आत्ता बसवा तिला, न्हाईतर आमी तिच्याबिगर चाललो!"

पोरीचा संसार सुरू व्हायच्या आधीच आपण मोडतोय की काय, असं गनीभाईंना वाटलं. तरी चाकावरचा हात त्यांनी काढला नाही.

जॅक आणून दिला तो नवरदेवानं. "अब्बा, बघू द्या की त्यांना," फक्रुद्दीन बापाला म्हणाला आणि स्वतःच दांडा मारायला लागला.

अर्ध्या तासात पिन आणि तिच्याभोवती बसणारी बुशची नळी बाहेर आली. गनीभाईंनी पिन शेरवानीलाच पुसली, डोळे मिटले आणि अंगठा टेकवला. नख कुठं होतं? ते सकाळीच मोरीतून वाहून गेलेलं.

"बगा!" सत्तारशेठ गरजले. "काय बी न्हाई! उगा आपला तमाशा."

तेवढ्यात मेंदीनं रंगलेला एक हात पुढं आला. "अब्बा, इकडं द्या."

बानूनं पिनेवरून नख फिरवलं. एकदा, दोनदा. "झिजून पायरी पडलीय. आन् ह्यो बुश तर पार गेलाय."

"दाव इकडं! पितळ? किंगपिनला मऊ पितळाचा बुश?" गनीभाईंना आता चेव चढला. "कुठल्या गाढवानं बसवला ह्यो? त्याला आनून माझ्यापुढं उभा करा!"

बानू बुश फिरवून बघत होती. ती हळूच म्हणाली, "अब्बा, तीन खाचा हायत."

गनीभाईंनी तो तिच्याकडून घेऊन तिथंच मूठ मिटली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण त्यांनी बुश उघड्या तळहातावर घेतला आणि व्याह्यांपुढं धरला.

"गाढव मीच, शेठ. लढाईत माल मिळत नव्हता. त्रेचाळीस साली एका कर्जतवाल्याची लॉरी अडली हुती, तीच ही. तुमी रंग दिला, म्हनून मला वळखू आली न्हाई."

"पन मिस्त्री, लढाईत पितळ तरी कुठं मिळत हुतं?" लॉरीचा ड्रायव्हर गोरक्ष यानं भोळेपणानं विचारलं.

गनीभाई जमिनीकडं बघू लागले. "घरातनं."

"माझा बत्ता!" मेहताब किंचाळली.

तीन वर्षं तिच्याकडं नुसता खल होता. मसाला ती दगडानं कुटत होती आणि बत्ता चोरला म्हणून नणंदेशी, जहिराशी, बोलत नव्हती. जहिरा बायकांतून उठून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बोल भाबी, आता बोल!"

सत्तारशेठना आधी उचकी लागली आणि मग ते जे हसत सुटले, ते मटकन खाली बसूनच. "मंजी वरीसभर आमी विहीनबाईंच्या बत्त्यावर फिरतोय व्हय!" त्यांनी स्वतः गोरक्षला चाक धरायला लावलं.

गॅरेजमधून चांगल्या धातूचा बुश आणि नवी पिन आली. बसवून झाल्यावर गनीभाई मडगार्डवर चढले. मेहताब म्हणाली, पाठवणीला बापानं संगं जायची रीत न्हाई आपली. गनीभाई म्हणाले, गाडीची हाय.

अरणगावच्या फाटकाशी गोरक्षनं लॉरी थांबवली. "उतरा मिस्त्री. चाक गप हाय."

चाक गपच होतं. मागून बानूचे हुंदके तेवढे येत होते.

"हाय थोडा आवाज अजून," गनीभाई म्हणाले. "चल पुढं."

गोरक्षनं मागं एकदा वळून पाहिलं आणि गियर टाकला.

चिखलीचा घाट उतरून लॉरी सपाटीला लागली. मागं फक्रुद्दीन एका बहिऱ्या म्हाताऱ्याला बत्त्याची हकिकत ओरडून सांगत होता, तीही पहिल्यापासून. जहिराचं "बोल भाबी" त्यानं असं काही करून दाखवलं की बानू खदखदून हसली. नवरीनं हसू नये इतकी मोठ्यानं हसली.

गनीभाईंनी बॉनेटवर थाप मारली. "थांबव. गेला आवाज."

ते उतरले. शेरवानी ग्रीसनं काळी झाली होती.

"मिस्त्री, सात कोस चालत जानार?" गोरक्षनं विचारलं.

"व्हय," म्हणत गनीभाईंनी तोंड फिरवलं आणि उजव्या अंगठ्यानं डोळे पुसले. नख नव्हतं, म्हणून टोचलं नाही.