ओनुफ्रीचा मूठभर गहू

आमचे हे, म्हणजे ह्यूई कॅरथर्स, कॅनडातल्या विलो बेंड गावचे गव्हाचे व्यापारी. रुळांना लागून आमचं उंच लाकडी कोठार. शेतकऱ्याची गाडी आली की हे मूठभर दाणे तोंडात टाकायचे आणि डोळे मिटून चघळत बसायचे. कसदार गव्हाचा चिवट गोळा होतो. तो बोटांनी ताणायचा आणि सांगायचं, "एक नंबर!" नाहीतर, "तीन." त्यावरच भाव ठरायचा. वीस वर्षं कुणी हुज्जत घातली नाही.

त्याच भरवशावर लोकांनी यांना प्रांताच्या विधानसभेला उभं केलं. अगं बाई, काय ते दिवस! पंचवीस सालचा मे, दारात सारखी मोटार नाहीतर घोडागाडी, आणि मी केक भाजून भाजून बेजार. पण मनातून अशी हरखले होते की विचारू नका. राजधानीत, रेजायनाला, घालायची टोपीसुद्धा मी ठरवून ठेवली होती!

मतदानाआधीच्या शनिवारी शाळेच्या मैदानात सभा भरली. यांनी छाती पुढे काढून विचारलं, "माझ्या हातून तुमच्या गव्हावर कधी अन्याय झालाय?"

"नाही!" सगळे ओरडले.

"झालाय," मागून कुणीतरी म्हणालं.

ओनुफ्री दानिलाक. उत्तरेकडच्या युक्रेनियन वस्तीतला. ती वस्ती बिथरली असती तर आमची जागा गेलीच म्हणून समजा. तो सरळ पुढे आला आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली.

"हा घे गहू, ह्यूई. सगळ्यांसमोर चाव आणि सांग."

मी केकचं ताट तिथेच टाकून पुढे धावले. कारण दीड वर्षापूर्वी यांचे दात काढले होते. तोंडात कवळी होती, आणि ते मला आणि शहरातल्या डॉक्टरला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. कवळीने गहू चघळवत नाही, चिकटतो. म्हणून हे नुसतं चावल्यासारखं करायचे आणि गोळा न ताणताच नजरेने नंबर सांगायचे. मी किती वेळा म्हटलं, "अहो, सांगून टाका ना लोकांना!" तर म्हणे, "मेबल, तू केक बघ."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नका म्हणून. पण या माणसाने अख्खी मूठ तोंडात टाकली की हो! आणि खरंच चावायला लागले. चावता चावता जबडा अडला, यांनी बोटं घातली, आणि गोळ्याबरोबर वरची कवळी बाहेर!

काय हशा पिकला! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. यांनी मात्र कवळीला चिकटलेला गोळा धरून ताणला. ताणला, ताणला, तुटेचना.

"एक नंबर," हे बोबडं बोलले. "उत्तम गहू आहे, ओनुफ्री."

"गेल्या हंगामातला आहे. बियाण्याला ठेवलेला," तो म्हणाला. "तेव्हा पावसाने रंग उडाला होता. तू तीन नंबर दिलास. माझी पोर क्सेनिया मास्तरीण व्हायला शिकत होती. पैसे पुरेनात, तिला परत आणली. आता विनिपेग शहरात परक्यांची भांडी घासते."

यांनी कवळी खिशात घातली.

"मी चुकलो. दात गेले हे सांगायची लाज वाटली. आणखी कुणाकुणाच्या गव्हाचा भाव मारलाय, मलाच माहीत नाही."

ओनुफ्रीने पुरचुंडी बांधली. "चारचौघांत चूक कबूल करणारा माणूस मी तिकडे विधानसभेत पाठवीन. माझं मत तुला. पण माझा गहू पुन्हा तुझ्याकडे यायचा नाही."

नऊ मतांनी निवडून आलो आम्ही! मी रस्त्यात नाचले, खोटं कशाला बोलू?

सप्टेंबरात हे कोठाराच्या दारात उभे होते. ओनुफ्रीची भरलेली गाडी आली. यांनी टोपी काढून हात केला. त्यानेही केला. आणि घोडे हाकत तो पंधरा मैलांवरच्या दुसऱ्या कोठाराकडे निघून गेला.