सावर्ड्याची बातमी

रत्नागिरीत निराश होण्यासारखं पुष्कळ आहे, पण माझ्या बायकोच्या मामांइतका मन लावून निराश होणारा माणूस मिऱ्यापासून पावसपर्यंत दुसरा सापडायचा नाही. बरं, घरात काही कमी आहे म्हणाल तर तसंही नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारण्याचं त्यांचं काम. आवाज खणखणीत, मामी सुगरण, मुलगी लग्न होऊन सुखात. मामा निराश आहेत ते इंग्लंडातल्या एका गायकापायी. हा गायक गिटार घेऊन रडवेल्या आवाजात गातो. तो फार गाजलेला नाही, आणि जेवढा गाजला त्याचाही त्याला पश्चात्ताप होत असावा असं त्याचं तोंड असतं. मामांचे थोरले बंधू बोटीवर नोकरीला होते. त्यांनी मामांच्या ऐन विशीत त्याची एक कॅसेट आणून दिली, आणि तेव्हापासून मामांची आयुष्यात एकच इच्छा राहिली : ह्या माणसाला एकदा समोर उभं राहून ऐकायचं. बस्स, एकदा! दुसरं काही मागणं नाही. मामींनी एकदा काश्मीरला जाऊ या म्हटलं तर मामा म्हणाले, "तिथे तो येणार आहे काय?"

आमच्याकडे भजनात पुढे बसून गाणाऱ्याला बुवा म्हणतात, म्हणून मामा त्या इंग्रजालाही बुवाच म्हणतात. त्याचा बँड म्हणजे मंडळ. ड्रम वाजवणारा तो पखवाजवाला. बुवाने ऐन भरात मंडळ सोडून एकट्याने गायला सुरुवात केली, ह्या गोष्टीला आता पंचवीसएक वर्षं होऊन गेली असतील, पण मामांना ती अजून पचलेली नाही. "मंडळ सोडलान आणि संपला," असं ते दर महिन्याला एकदा तरी म्हणतात. मग तो संपलेला माणूस नवं गाणं काढतो आणि मामा ते पन्नास वेळा ऐकतात. मामांचं इंग्रजी बंदरापुरतं, तरी प्रत्येक गाण्याचा अर्थ ते मला समजावून सांगतात. "हा काय म्हणतोय, जावई, की ती गेली आणि ह्याची बस चुकली." दुसऱ्या गाण्यात? "दुसऱ्यात बस मिळाली, पण बसमध्ये ती नाही." तिसऱ्यात काय होतं हे विचारायची मला कधी हिंमत झाली नाही. मामा एवढंच म्हणाले होते की तिसऱ्यात बसच बंद झाली.

ह्या बुवाच्या बातम्या आणि त्यावरची मतं ह्यांसाठी मामांनी फोनवर एक ग्रुप काढलेला आहे. सभासद चार. एक मामा स्वतः. दुसऱ्या, सावर्ड्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवणाऱ्या एक बाई. त्या कॉलेजात असताना कोणाच्या तरी टेपरेकॉर्डरवर बुवाला ऐकून जन्माच्या बिघडल्या. तिसरा, दापोलीजवळच्या मुरुडला पर्यटकांना खोल्या भाड्याने देणारा एक गृहस्थ. दोन मुलांचा बाप, पण बुवाची दाढी वाढली की हाही वाढवतो. आणि चौथा मी. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मी ग्रुपात आहे तो निव्वळ जावई म्हणून. सासुरवाडीचा मान ठेवायचा तर काय काय करावं लागतं!

मामा ग्रुपावर लिहीत नाहीत, बोलतात. आणि आयुष्यभर लिलाव पुकारलेल्या गळ्याला साधं बोलणं येत नाही. सकाळी कचेरीत माझ्या टेबलावर फोन उघडावा, तर मागे ट्रॉलरची धडधड, कावळ्यांची कावकाव आणि त्यावरून मामांचा आवाज : "बुवाने! दाढी! ठेवलीन! दाढी ठेवलीन एक, दाढी ठेवलीन दोन..." आमचे साहेब चष्म्यावरून बघतात. मी काय सांगणार त्यांना?

पण बातमी ग्रुपावर येण्याआधी तिला मामांच्या हाताखालून जावं लागतं. मासा ताजा की बर्फातला हे बघायला मामा त्याचे कल्ले उघडतात. आत लालभडक दिसलं तर ताजा, फिकट दिसलं की टोपली बाजूला. बातमीचंही तेच. कोणी सांगितलान? त्याला कोणी सांगितलान? फोटो कधीचा? ह्या फोटोत बुवाच्या अंगात कोट आहे, आणि तिकडे तर आता उन्हाळा! मग टोपली बाजूला. शिवाय लिलावातला दुसरा नियम : पहिली बोली कधी धरायची नाही. एका ठिकाणाहून बातमी आली तर नुसती ऐकायची, दुसऱ्या ठिकाणाहून आली तर मान हलवायची, तिसऱ्या ठिकाणाहून आली तरच पुकारायची. इंग्लंडातल्या भक्तांचंही एक मंडळ इंटरनेटवर आहे. तिथे एका बाईंनी बुवाचं लग्न ठरल्याचं लिहिलं, त्याखाली मामांनी लिहिलं, 'मॅडम, काइंडली चेक द गिल्स,' म्हणजे कल्ले बघा. तिकडच्या लोकांना ते इतकं आवडलं की आता कसलीही संशयास्पद बातमी आली की तिथले गोरे लोक खाली नुसतं 'गिल्स?' एवढंच लिहितात. मामी म्हणतात, "लग्नाच्या वेळी माझी एवढी चौकशी केली असती तर मी सुटले असते."

मामा जन्मतः असे संशयी नव्हते. मागे एकदा सावर्ड्याच्या बाईंनी कळवलं, बुवा मुंबईत येतोय, एका मोठ्या मॉलमध्ये गाणार आहे. बाईंचा स्वभाव मामांच्या अगदी उलटा. त्यांना कोणीही काहीही सांगावं, त्यांनी डोळे पुसत विश्वास ठेवावा. त्या वेळी मामांनीही ठेवला. नवा शर्ट शिवला, गाडी पकडली, मॉलमध्ये सर्वांत पुढे जाऊन उभे राहिले. गाणारा आला. केस तेच, कोट तोच, गिटारही तीच. तोंड उघडलं आणि मामांच्या लक्षात आलं की हा बुवा नव्हे, बुवाची नक्कल करून पोट भरणारा दिल्लीकडचा कोणी पोरगा आहे. कार्यक्रम संपेपर्यंत मामा जागचे हलले नाहीत. परत आल्यावर म्हणाले, "बिचारा मेहनत घेत होता. मधून उठून जाणं बरं दिसलं नसतं." पण शर्ट पुन्हा अंगात घातला नाही. नियम तेव्हापासून कडक झाले.

आणि त्या नियमांनीच शेवटी घात केला.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाईंचा निरोप आला : बुवा मुंबईत येतोय, खराखुरा, शनिवारी दुपारी बाराला तिकिटं खुली होणार. खाली रडक्या चेहऱ्यांची चार चित्रं. मामांनी कल्ले उघडले. बुवाच्या इंटरनेटवरच्या स्वतःच्या पानावर अक्षर नाही. जाहिरातीतला फोटो सहा वर्षांपूर्वीचा. बातमी कुठली, तर बाईंच्या भाचीच्या मैत्रिणीची. मामांनी निकाल दिला : "शिळी आहे. कोणी तिकिटाच्या नादी लागायचं नाही. एकदा मी नाचून आलोय, तुमची शोभा मला करायची नाय." आता मामांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. बाई गप्प बसल्या. मुरुडवाल्याने मला आतून फोन केला, "काय करायचं हो?" मी म्हटलं, "मामा सांगतात ते." माझं काय जात होतं!

शनिवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना बुवाने स्वतःच्या पानावर चार ओळी टाकल्या. मुंबईला येतोय. मुरुडवाल्याने मामांना फोन लावला तेव्हा मामा धक्क्यावर सुरमईच्या टोपल्यांसमोर उभे होते. "मामा, त्याने स्वतः लिहिलंय!" मामा म्हणाले, "ही पहिली बोली. थांब मेल्या." त्यांना म्हणे कोणीतरी त्याच्या पानात घुसून लिहिलं असेल असं वाटलं. दुसरी खबर इंग्लंडच्या मंडळाकडून आली बारा वाजून वीस मिनिटांनी. मामांनी मान हलवली. तिसरी पाऊण वाजता आली. मामांनी हातातली टोपली तशीच टाकली आणि ग्रुपावर ओरडले, "काढा! तिकिटं काढा!" तोवर संपली होती. एकही शिल्लक नव्हतं. माझ्या हातात बारा वाजल्यापासून फोन होता हो. एक बोट लावायचं होतं, दोन तिकिटं काढून ठेवली असती तर कोण मला विचारणार होतं? पण मामांच्या शब्दाबाहेर जायचं नाही ह्या आज्ञाधारकपणात मी बसून राहिलो. त्याची मला अजून लाज वाटते.

त्या दिवशी मामांनी बोलून नाही, लिहून निरोप टाकला. 'चूक माझी.' एवढंच. त्यानंतर आठ दिवस ग्रुपावर आवाज नाही. मामी सांगत होत्या, लिलाव पुकारताना मामा तीन म्हणायचं विसरतात, दोनवरच थांबतात, आणि गिऱ्हाईकं तोंडाकडे बघत राहतात. मी भेटायला गेलो तर ओसरीवर बसले होते. म्हणाले, "तेहतीस वर्षं झाली, जावई. दाराशी आला, आणि मी त्याला तुझे कल्ले दाखव म्हटलं."

नवव्या दिवशी सावर्ड्याच्या बाई स्वतः रत्नागिरीला आल्या. मी तिथेच होतो. बाईंनी पाणीसुद्धा न पिता पर्स उघडली आणि मामांसमोर कागद ठेवला. "मामा, रागावू नका. तुम्ही नको म्हणालात तरी मी बाराच्या ठोक्याला दोन तिकिटं काढली होती. एक माझं, एक तुमचं. इतके दिवस सांगायचा धीर झाला नाही."

मामांनी कागद उचलला. चष्मा काढून वाचला, लावून वाचला. मामी आतून बाहेर आल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, चला, देव पावला! मामांनी कागदाची घडी घातली, बाईंच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "हे मुरुडवाल्याला द्या."

"अहो, काहीतरीच काय!" बाई म्हणाल्या. "तो लहान आहे, त्याला पुढे मिळेल. तुमचं सगळं आयुष्य गेलं ह्यात."

"तो बोट लावून बसला होता, बाई. मी थांब म्हटलं म्हणून थांबला. त्याला घरी बसवून मी कसा जाऊन उभा राहू? गाणं कानात शिरेल काय माझ्या?"

आम्ही तिघांनी खूप डोकेफोड केली. मामी तर भांडल्या. मी रागाच्या भरात म्हणालो, "मामा, हा शुद्ध वेडेपणा आहे." मामा म्हणाले, "होय तर," आणि धक्क्यावर निघून गेले.

बाई आणि मुरुडवाला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी मुरुडवाल्याचा मला फोन आला. म्हणाला, "असा आवाज लागला होता की काय सांगू. ती पहिल्या कॅसेटमधली सगळी गाणी गायला. आणि शेवटी म्हणाला, आता फिरायचा कंटाळा आला, एवढ्या लांब पुन्हा येणं होणार नाही. मामांना कसं सांगू?" मी म्हटलं, "तू काही सांगू नकोस."

रविवारी बाई पुन्हा आल्या. मामा ओसरीवरच होते, मीही शेजारी बसलो होतो. कुठे उभ्या होतात, किती लोक होते, पखवाजवाला कोण होता, काही विचारलं नाही. एकच विचारलं, "आवाज कसा होता?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "बसलाय हो मामा. काही राहिलं नाही त्यात. पहिल्या कॅसेटमधलं एकही गाणं नाही गायला. तुम्ही आला नाहीत तेच बरं झालं."

जन्मात कोणाला खोटं सांगितलं नसेल बाईंनी. ते सांगताना त्यांची मान खाली होती, हातातल्या पदराचा पार बोळा झाला होता. धक्क्यावरच्या कोणत्याही पोराने ओळखलं असतं. आणि मामा तर अंधारात बोट फिरवून मासा ओळखणारे. मला वाटलं, आता विचारणार, कोणी सांगितलान, फोटो कुठाय.

मामांनी एकदा त्या पदराच्या बोळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंडळ सोडलान तेव्हाच मी म्हटलं होतं." आणि आत वळून मामींना हाक मारली, "अगो, बाईंना चहा टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत फोन वाजला. ट्रॉलरची धडधड, कावळे, आणि कितीतरी दिवसांनी तो खणखणीत आवाज : "बुवाचा! आवाज! बसला! बातमी सावर्ड्याची आहे. एकाच ठिकाणची आहे, पण खात्रीची आहे."

थोड्या वेळाने मुरुडवाल्याने त्याखाली अंगठा टाकला. मग मीही टाकला.