त्या दुपारी बाबांजवळ कोण होतं

हे मी आजवर कोणाजवळच बोललेले नाही. सख्ख्या मैत्रिणीजवळ नाही, देवासमोरही नाही. तिथे मी नुसते हात जोडते आणि लगेच मागे फिरते. आज तुमच्यापाशी बोलतेय. का, ते विचारू नका.

बाबा घरीच गेले. वर्षभर अंथरुणाला खिळलेले होते. घरात आम्ही तिघं: बाबा, मी आणि धाकटा भाऊ प्रकाश. त्याला सगळे मुन्ना म्हणतात. मुन्ना चाळिशीला आलाय, पण त्याची समज लहान पोराएवढीच राहिली. घड्याळ कळत नाही, सुटे पैसे कळत नाहीत. बाबा कळायचे.

त्या दुपारी औषध आणते म्हणून मी निघाले — आणि दुकानावरून तशीच पुढे गेले. फुटाळा तलावाच्या काठावर जाऊन बसले. दमले होते, असं म्हणता येईल. पण दमलेली माणसं फोन तरी उचलतात ना? फोन वाजला, मुन्नाचा होता. तो दिवसभर करायचा. टीव्ही लागत नाही, मांजर आत आली. मी आवाज बंद केला, फोन पालथा ठेवला आणि चहा मागवला. तो नंतरही लावत राहिला होता. ते मी परत निघताना पाहिलं.

घरी आले तेव्हा बाबा गेलेले होते.

शेजारी आले, नातेवाईक आले. रडणाऱ्या मुलीला कोण काय विचारणार? विचारलं ते पहिल्यांदा महापालिकेच्या झोन ऑफिसातल्या खिडकीमागच्या बाबूनं. मृत्यूची नोंद करायला मी तिथे खेटे घालत होते. कधी डॉक्टरांच्या कागदावर वेळ नाही, कधी आधारवरचं नाव जुळत नाही, कधी साहेब मीटिंगला. दर वेळी मुन्ना सोबत असायचा. त्याला घरी एकटं ठेवायची माझी आता हिंमत नव्हती.

त्या दिवशी सगळे कागद जुळले. बाबू वाईट नव्हता, माझ्यासारखाच थकलेला होता. त्यानं विचारलं, "घरी वारले म्हणता. जवळ कोण होतं?"

मी हातातले कागद पुन्हा सारखे करायला लागले.

"कोणीच नसन तर ठाण्यातून कागद आणा लागते, ताई."

ठाणं. म्हणजे पोलीस घरी येणार. अशा माणसाच्या भरवशावर आजारी बापाला टाकून तुम्ही कुठे गेला होता, असं विचारणार. साऱ्या मोहल्ल्यासमोर.

"मी होते," मी म्हणाले.

मुन्ना माझ्या ओढणीचं टोक धरून उभा होता. तो खिडकीशी वाकला. "नाई जी, ताई नव्हती. मी होतो."

बाबूचा पेन थांबला. "तू होता काय गा जवळ?"

"हो. बाबानं पाणी मांगलं. मी चमच्यानं पाजलं. ताईले फोन लावला. ताईनं उचललाच नाही."

इतकं सलग, इतकं स्वच्छ तो कधी बोलला नव्हता. आणि मी काय केलं? मी हसले. हो — हसले. म्हणाले, "त्याले समजत नाही, साहेब. काहीही बोलते तो." आणि खिडकीखाली त्याच्या दंडाला चिमटा काढला, चामडी पिळून.

बाबूनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग लिहिलं. रांगेतली माणसं मुन्नाकडे कीव आल्यासारखी बघत होती. त्यानं ओढणी सोडली होती. तो कोणाकडेच बघत नव्हता.

दाखला मिळाला. तेरवीला आत्यानं त्याला जवळ घेऊन विचारलं, "मुन्ना, बाबा गेले तेव्हा तू कुठं होता रे?" त्यानं माझ्याकडे पाहिलं — खूप वेळ. मग म्हणाला, "मले समजत नाही." मी तिथेच होते, ताटं वाढत होते. तेव्हा तरी बोलू शकले असते ना? मी पुढच्या ताटाकडे वळले.

त्यानंतर तो त्या दुपारबद्दल बोललेला नाही. माझ्यावर रागावलेलाही नाही. वाढलेलं जेवतो, बाहेर निघाले की सोबत येतो. शेवटच्या घटकेला आपण बाबांच्या कामी आलो, एवढं एकच त्याचं स्वतःचं होतं. ते मी भर ऑफिसात हसून खोटं ठरवलं.

माझे वडील गेले तेव्हा मी त्यांच्याजवळ नव्हते. त्यांचा मुलगा प्रकाश होता. मी दार उघडलं तेव्हा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तो भिंतीला टेकून बसला होता. पाय अवघडले होते, पण हलत नव्हता. मला पाहून त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हळू बोल, ताई. बाबाले आत्ताच झोप लागली."