सगळ्या वर्गाचा सर्व्हर

आमच्या कॉलेजला एका पतसंस्थेने आपला जुना सर्व्हर दिला, तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. घरी कॉम्प्युटर नाही. लॅबमध्ये चालू कॉम्प्युटर थोडे आणि रांग मोठी. माझा नंबर लागेपर्यंत माझ्या गावाची, उंद्रीची शेवटची गाडी निघायची वेळ व्हायची, म्हणून प्रोजेक्ट रोज अर्धवट राहायचा.

सर्व्हर नीट लावला, तर लॅबमधल्या बंद ठेवलेल्या मरतुकड्या कॉम्प्युटरवरूनही सगळ्या वर्गाला एकाच वेळी त्यावर काम करता येणार होतं. त्यासाठी काळ्या पडद्यावर नुसत्या आज्ञा टाइप करायची वेगळी सिस्टीम लागते, हे मी वाचलं होतं. कितपत समजलं होतं कोण जाणे, पण बाबांना सांगून टाकलं, की आता रांग संपली.

विभागप्रमुख सरांनी माझ्या हातात पेनड्राइव्ह दिला. "विंडोज हाय याच्यात. टाक."

मी लावून पाहिला. घरगुती वापराची विंडोज होती. "सर, ही टाकली तर एका वेळी एकालाच काम करता येईल."

"मंग खुर्चीवर एकच तं बसते." सरांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. "तपासणी समिती येऊन राह्यली. त्याईले पडद्यावर काही दिसलं पाहिजे. तुह्या काळ्या पडद्याले कोन पायते?"

मी तीच विंडोज टाकायला घेतली.

आधी तिला डिस्कच दिसेनात. त्यांचा ड्रायव्हर प्रोग्राम शोधून दिला, तेव्हा कुठे ती बसली. दोन प्रोसेसरपैकी एकच तिने ओळखला. दुसरा नुसताच आत. पडद्यावरची चित्रं जाड, फुगलेली. पंख्यांचा आवाज फार होतो म्हणून सरांनी एक पंखा काढायला लावला. त्याची भरपाई करायला उरलेले पंखे दुप्पट जोराने फिरू लागले. मैत्रिणीने लॅबच्या दारातून डोकावून विचारलं, "काऊन वं, थ्रेशरवर सोयाबीन काढून राह्यली का आतमंदी?"

मला हसू आलं नाही. त्या कामाचीच शिसारी आली होती.

समिती आली. पडद्यावर सरांनी लावलेलं धबधब्याचं चित्र होतं. एका साहेबांनी कचोरीचा हात सर्व्हरवर घातलेल्या टॉवेलला पुसला आणि "छान, अद्ययावत" असं म्हटलं. सर हात जोडून उभे होते. दुसऱ्या दिवशी सर्व्हर त्यांच्या केबिनमध्ये गेला.

लॅबचं काय, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "पाहू" म्हणाले.

मग एका संध्याकाळी त्यांनीच केबिनमध्ये बोलावलं. पडद्यावर क्रिकेटची मॅच चालू होती, तीही अडखळत. सर्व्हरच्या पुढच्या जाळीवर पिंकेचे थेंब होते, काही वाळलेले, काही ओले. खालच्या कचऱ्याच्या डब्यात थुंकताना उडत असावेत. पंखे तीच हवा आत ओढत होते.

"आवाज येऊन नाही राह्यला. पाय जरा."

मी जाळीला हात लावला नाही. "सर, याच्यात आवाजाची सोयच नसते. हे एकट्याने बसून पाहायचं मशीन नाही. वर्गासाठी आहे."

त्यांनी खिशातून मोबाइल काढून त्यावर कॉमेंट्री लावली आणि तो सर्व्हरवर ठेवला. चौकार आधी ऐकू आला, मग दिसला.

"जा तू," ते म्हणाले.

मी लॅबमध्ये गेले. माझ्यापुढे चौघी होत्या. तास-दीड तास तरी नंबर लागणार नव्हता. मी बॅग भिंतीला टेकवली आणि प्रोजेक्टसाठी उंद्रीची शेवटची गाडी जाऊ दिली.