पडद्याआडून हाक

मोठी आई कोणाच्याही घरी गेली, की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी त्यांच्या दारावरचा पडदा दोन बोटांत धरून चोळून पाहायची. घरची माणसं 'या, बसा' म्हणत असायची आणि ही उंबरठ्याशीच उभी. एकदा नात्यातल्या एका साखरपुड्याला गेलो होतो. मुलीकडच्यांनी बैठकीला गडद मखमली पडदे लावले होते, पार फरशीवर लोळणारे. मोठ्या आईनं कापड चोळलं आणि भरल्या बैठकीत विचारलं, "एवढं जाड! काय लपवून राह्यले बापा?" मुलाकडचे हसले. मुलीचा बाप हसला नाही. परतताना मोठे बाबा ऑटोत म्हणाले, "तुले घरीच ठेवाले पाह्यजे होतं." ती म्हणाली, "मंग पडदे कोणं पाह्यले असते? तुमचं ध्यान तर जिलेबीवर होतं."

ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई मी लहान असतानाच गेली. बाबा मलाजखंडच्या खाणीत नोकरीला होते. शनिवारच्या बसनं यायचे आणि रविवारी संध्याकाळी परत जायचे. उरलेल्या आठवड्यात मी मोठ्या आईची असे. तिचा स्वतःचा मुलगा, आमचा दादा, माझ्याहून बराच मोठा. त्याला ती रागावायची, मला कधी रागावली नाही. लहानपणी मला त्याचं बरं वाटे. पुढे कळलं, की पाहुण्यावर कोणी रागावत नाही, आणि मला पाहुणी असल्यासारखं वाटू नये म्हणून ती किती जपत होती तेही तेव्हाच कळलं.

आमचं घर मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, रस्त्याला अगदी लागून. भरवेलीच्या खाणीकडून येणाऱ्या ट्रकांची काळसर धूळ बैठकीच्या पडद्यांवर बसे. ते सारखे धुवावे लागत, म्हणून विरतही लवकर. त्यामुळे पडद्यांची खरेदी आमच्याकडे लुगड्यांच्या खरेदीइतकीच ठरलेली असायची, आणि तिला वेळ मात्र लुगड्यांहून जास्त लागायचा. मोठी आई दुकानातल्या दिव्याखाली कापड कधी पसंत करत नसे. ठाण उचलून दुकानाच्या दारात यायची, दोन हात कापड उलगडून सरळ डोक्यावरून तोंडावर घ्यायची आणि त्यातून भर बाजाराकडे पाहत उभी राहायची. येणारे-जाणारे थांबत. दुकानदार कासावीस होई. "अम्मा, ये ओढ़नी नहीं है, परदे का कपड़ा है!"

"मालूम है भैया. इसमें से रस्ता नहीं दिखता. दुसरा दिखा."

"अम्मा, परदा अंदर का छुपाने के लिए होता है."

"अंदर मैं बैठूंगी, के तू बैठेगा?"

मी तेव्हा दोन दुकानं सोडून, वह्या-पुस्तकांच्या दुकानासमोर, तिला ओळखत नसल्यासारखी उभी असायची. घरी येताना ती मला सांगायची, "पडदा आत बसनाऱ्यासाठी असते पोरी. बाहेरच्याले काय, तो तर चालला जाते."

माझ्यासाठी मात्र तिनं एकदा जाड कापड घेतलं. मी दहावीत गेले तेव्हा घरात मला वेगळी खोली नव्हती. मोठ्या आईनं मधल्या खोलीत आडवी तार बांधून घेतली आणि निळ्या जाड कापडाचा पडदा टाकून एक कोपरा मला करून दिला. आत एक खाट, एक स्टूल आणि माझी पुस्तकं. आणि घरातल्या सगळ्यांना नियम सांगितला: पोरगी पडद्याआड असली की ती घरात नाही असं समजायचं. मोठे बाबा पडद्यापाशी येऊन मुद्दाम मोठ्यानं विचारत, "काय वो, महाराणीसाहेब राज्यात आहेत का दौऱ्यावर?" ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "दौऱ्यावर आहे! चहा पाह्यजे तर मले सांगा." त्या पडद्याआड मी जे वाचलं त्यावर पुढं माझी नोकरी झाली, कॉलेजच्या ग्रंथालयात. माझी मराठीही तिथलीच, पुस्तकातली. मोठी आई तिची नक्कल करून हसायची. "आमची पोरगी 'कशासाठी' म्हनते. 'काहून' म्हनाले तोंड दुखते तिचं."

मग घर रिकामं होत गेलं. मोठे बाबा गेले. बाबा निवृत्त होऊन आले आणि फार दिवस राहिले नाहीत. दादा रायपूरला स्थायिक झाला. त्याची मुलं आजीशी फोनवर हिंदीत बोलत आणि ती त्यांना वऱ्हाडीत उत्तर देई. दोघांचंही भागायचं. माझं लग्न झालं नाही. त्याबद्दल मोठ्या आईनं मला कधी विचारलं नाही, आणि विचारणाऱ्यांना "तिले वाचाचं आहे" एवढंच सांगितलं. दिवसभर ती बैठकीच्या खिडकीशी बसे. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तिची एक हाक असे. भाजीवाल्याला, शाळेच्या मास्तरांना, मोटरसायकलवरून ड्यूटीला निघालेल्या खाणीतल्या पोरांना. मी संध्याकाळी परतले की अख्ख्या वॉर्डाची खबर मला मिळे. मी ऐकत असे. माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नसायचं.

आणि एका हिवाळ्यात तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यातून आणल्यावर तिची खाट आतल्या खोलीत टाकली, तर ती डाव्या हातानं बैठकीकडे दाखवत राहिली. शेवटी खाट बैठकीत, खिडकीशी आली. दादा रायपूरहून आला आणि दारातच थबकला. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस त्याच्या आईचं वाकडं झालेलं तोंड पाहत होता. त्याला ते सोसलं नाही. त्यात त्याचं प्रेमच होतं, हे मला तेव्हाही दिसत होतं.

"आईले आत ने," तो म्हणाला. "नाहीतर जाड पडदे लाव. तमाशा चालला का इथं?" त्यानं मोबाइलवरून पडदे मागवलेसुद्धा, उजेडाचा कण आत येऊ न देणारे. ते आले, तसा मी एक तिच्या हातात दिला. तिनं डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून चोळला.

"रजई आहे का हे?" ती अडखळत म्हणाली. मग दादा बाहेर गेल्यावर मला जवळ बोलावलं. एकेक शब्द ओढून काढल्यासारखा बोलली. "मले आड नको ठेवू. लोकाइले दिसली नाही का लोक इसरतेत. मंग मी राह्यली काय अन् गेली काय."

दादाला मी आयुष्यात कधी उलट बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात गेले. त्याच दुकानात आता त्या दुकानदाराचा मुलगा बसतो. त्यानं कॅटलॉग पुढं केला, स्टीलच्या कड्यांचे तयार पडदे दाखवले. मी पातळ सुती कापडाची ठाणं मागितली आणि एकेक घेऊन दुकानाच्या दारात गेले. कॉलेजातल्या दोन मुली समोरून येत होत्या. त्यांच्या देखत मी कापड तोंडावर घेतलं. पहिल्यातून रस्ता नुसताच पांढरा दिसला. दुसऱ्यातून माणसं दिसली, पण चेहरे नाहीत. तिसऱ्यातून त्या दोन मुली दिसल्या, एकमेकींना कोपरानं ढोसत हसणाऱ्या. "मॅडम, ये तो बहुत पतला है," मुलगा म्हणाला. मी म्हटलं, "यही दे दो."

दारावर आणि खिडकीवर ते साय-रंगाचे पडदे लागले. बाहेर ऊन आणि आत सावली असली, की रस्त्यावरून आतलं काही दिसत नसे. आतून मात्र सगळं दिसे. दादानं बाहेर जाऊन, रस्ता ओलांडून पाहिलं, परत आला आणि त्यानं जाड पडद्यांची घडी घालून ठेवली. मोठी आई तेवढ्यात पडद्यामागून जड जिभेनं ओरडली, "वर्षा! बाजारात चालली काय वो?" शेजारची वर्षा दचकून जागीच थांबली, इकडं तिकडं पाहिलं आणि पडद्याला म्हणाली, "हौ, आजी! काही आनू का?"

पुढचे महिने असेच गेले. लोक पडद्याशी बोलत. मास्तर पडद्याला नमस्कार करून जात. पोरं मुद्दाम पाय न वाजवता जायची आणि पकडली गेली की खिदळायची.

आता घरात मी एकटी आहे. दादा घर विकायचं म्हणतो. घाई करत नाही. पडदे मी दर रविवारी धुते. ते वाळेपर्यंत खिडकी उघडी असते आणि जाणारे-येणारे मला पाहतात, मान हलवतात, पुढे जातात. कोणाला हाक मारणं मला अजून जमलेलं नाही. कॉलेजात हिंदी, बाजारात हिंदी. आठवडेच्या आठवडे माझ्या तोंडून मराठीचा शब्द निघत नाही. 'काहून' म्हणायला आता मी तयार आहे, पण म्हणू कोणाला?

मोठ्या आईनं शेवटच्या आठवड्यात हाका मारणं सोडलं होतं. नुसती पाहत पडलेली असे. एका दुपारी ऊन फार चढलं होतं. शेजारच्या लताकाकू, रोज यायच्या तशा, आमच्या ओट्यावर आल्या. मी त्यांना आत बोलवायला उठले, तर मोठ्या आईनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि मान हलवली. नको. मी तशीच खाटेच्या काठावर बसले. तिच्या शेजारी बसून त्या कापडातून मी पहिल्यांदाच इतका वेळ बाहेर पाहिलं. काकू पडद्यापासून हातभर अंतरावर होत्या. पदरानं कपाळ पुसत होत्या, आत पाहायचा प्रयत्न करत होत्या, आणि त्यांना आम्ही दिसत नव्हतो.

"झोपली का वो मोठी आई?" त्यांनी हळूच विचारलं.

मनगटावरची बोटं जराशी घट्ट झाली. आणि कित्येक दिवसांनी मोठ्या आईचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

"हौ," ती म्हणाली, "झोपली."