पणत्यांचं मतदान

लॉकडाऊनमध्ये परदेशातल्या आमच्या डँडेनॉन्गच्या घरात प्राचीन ग्रीस शिरलं ते लेकीच्या ऑनलाइन शाळेतून. तिकडे म्हणे डोंगरांमुळे खोऱ्याखोऱ्यात वेगळं राज्य, प्रत्येकाचा कारभार निराळा. मला त्याचं काडीचं नवल वाटलं नाही. इथे मध्ये डोंगर नसतानाही एकाच देशातल्या राज्यांनी एकमेकांच्या तोंडावर दारं लावून घेतली होती.

नवऱ्याला मात्र तिथले तत्त्वज्ञ चावले. दोन मीटिंगांच्या मध्ये तो स्वयंपाकघरात येऊन विचारायचा, ‘तयार’ म्हणजे नक्की काय? भात तयार आहे हे आपल्याला कळतं कसं? हातात झारा असलेल्या बाईला असलं काही विचारू नये, एवढं तत्त्वज्ञान त्याच्याकडे नव्हतं.

शेवटी लेकीनेच उपाय काढला. अथेन्समध्ये लोक डोईजड झालेल्या माणसाचं नाव खापराच्या तुकड्यावर लिहायचे. ज्याच्या नावाची खापरं जास्त, तो दहा वर्षं शहराबाहेर. आपणही तसंच करू, फक्त हद्दपारी दिवसभराची आणि गॅरेजमध्ये. मी लगेच हो म्हटलं. तिकडे बायकांना मत नव्हतं, असं नवऱ्याने सांगून पाहिलं. मग आज जेवायलाही तिकडेच जा, म्हटलं.

अडलं ते खापरावर. घरात सगळं स्टीलचं. आपटलं तर पोचा येतो, तुकडा पडत नाही. तेव्हा सासूबाई दिवाळीच्या पणत्या घेऊन आल्या आणि बत्त्याने फोडायला बसल्या. टवका उडालेला कप दिसला तरी या बाईला चैन पडत नसे! तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या होत्या, विमानं बंद झाली आणि अडकल्या. सांगलीत त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. रोज सकाळी चहाबरोबर एकच प्रश्न, विमानं सुरू झाली का. आम्ही रोज ‘होतील’ म्हणायचो.

मतमोजणी झाली. दोन खापरं नवऱ्याच्या नावाची, एक माझ्या. चौथ्यावर सासूबाईंच्या ठसठशीत अक्षरात ‘मी’.

‘‘आजी, यू कान्ट डू दॅट,’’ लेक म्हणाली.

‘‘का? मतं देऊन माणसाला घालवतात ना? मग मला घालवा.’’

नवऱ्याने एरवी यावरही प्रश्न काढला असता. त्याने आपलं खापर पालथं केलं आणि मागे ‘आई’ लिहिलं. मग लेकीने लिहिलं, मग मी. ठराव एकमताने पास.

सासूबाई आत जाऊन इस्त्रीची साडी, स्वेटर, खांद्याला पर्स अशा बाहेर आल्या, आणि गॅरेजमध्ये गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसल्या. गॅरेजचं दार बंद. त्या दिवसांत आम्हाला घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची परवानगी नव्हती.

दुपारी मी त्यांना जेवायला बोलवायला गेले. त्या हलल्या नाहीत. पर्स मांडीवर घेऊन शेजारची जागा तेवढी मोकळी केली.

‘‘ताईला कळव,’’ म्हणाल्या, ‘‘मी निघालेय म्हणून.’’

मी आत बसले, दार ओढून घेतलं आणि माझाही पट्टा लावला.